खताचा ढीग तापत का नाही?

शेणखतातून शेतात तण आले, हुमणी आली, ही तक्रार दर पावसाळ्यात कानावर येते. दोष बहुधा शेणाचा नसतो. ढीग तापलेलाच नसतो. ढिगाचे तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर काही दिवस टिकले, तर बहुतेक तणांचे बी मरते आणि हुमणीची अंडी व अळ्याही त्यात तग धरत नाहीत. हे तापमान का येत नाही, ते साध्या हिशोबाने समजेल.

उष्णता ढिगाच्या पोटात, जिवाणूंच्या कामातून तयार होते. म्हणजे ती घनफळावर अवलंबून असते. ती निघून जाते मात्र पृष्ठभागातून. तीन फूट लांब, रुंद व उंच ढीग घ्या. घनफळ २७ घनफूट, सहा बाजूंचे पृष्ठफळ ५४ चौरस फूट. म्हणजे दर घनफुटामागे २ चौरस फूट उघडे. आता प्रत्येक बाजू दुप्पट, सहा फूट करा. पृष्ठफळ चौपट होऊन २१६ चौरस फूट होते, पण घनफळ आठपट होऊन २१६ घनफूट भरते. दर घनफुटामागे आता १ चौरस फूटच उघडे राहिले. उष्णता आठपट, ती जाण्याची वाट चौपट!

विद्यार्थी असताना मी स्वतः तीन फुटी ढीग रचून महिनाभर तो तापण्याची वाट पाहिली होती. तो कोमटही झाला नाही.

मग दहा फूट उंच ढीग घालावा का? नाही. स्वतःच्या वजनाने तो दबतो, आत हवा जात नाही आणि आंबूस वास सुटतो. उंची पाच फूट, रुंदी सहा फूट ठेवावी व लांबी हवी तितकी वाढवावी.

काडीकचऱ्याच्या बाबतीत हाच हिशोब उलटा लागतो. जिवाणू काम करतात ते तुकड्याच्या पृष्ठभागावर. एक फुटी घनाचे पृष्ठफळ ६ चौरस फूट. त्याचेच एक इंची तुकडे केले तर ते १,७२८ होतात आणि एकूण पृष्ठफळ ७२ चौरस फूट भरते. म्हणून तुराट्या, पऱ्हाट्या अखंड टाकू नयेत, दोन-तीन इंचांचे तुकडे करावेत. भुसा मात्र करू नये, तो ओला झाला की लिंपल्यासारखा बसतो.

एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सहा फुटी ढिगात बाहेरचा एक फुटाचा थर सोडला, तर आत चार फुटी घन उरतो, म्हणजे ६४ घनफूट. उरलेले १५२ घनफूट, सुमारे ७० टक्के खत, त्या थंड थरातच असते! चाळणी करताना नुसते वरखाली करून भागत नाही. बाहेरचे आत गेले पाहिजे. अशा दोन-तीन चाळण्या कराव्यात.

ढीग तापला की नाही हे पाहण्यासाठी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटे ठेवावी. बाहेर काढल्यावर ती हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. गारच लागली तर आधी ओल पाहावी: मूठभर खत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.