जिओहॉटस्टार: चढाओढीतून विलीनीकरणाकडे

रिलायन्सची व्हायाकॉम18 आणि डिस्नेची स्टार इंडिया या कंपन्यांचे विलीनीकरण 14 नोव्हेंबर 2024 रोजी पूर्ण झाले. संयुक्त कंपनीचे मूल्य 70,352 कोटी रुपये धरले गेले आणि तिच्या वाढीसाठी रिलायन्सने 11,500 कोटी रुपये घातले. पुढे 14 फेब्रुवारी 2025 रोजी जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार सुरू झाले. या सौद्याचे मूळ क्रिकेटच्या हक्कांत आहे.

स्टारने 2015 मध्ये सुरू केलेले हॉटस्टार वाढले ते मुख्यतः आयपीएलवर. डिस्नेने 2019 मध्ये ट्वेन्टी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सचा मोठा भाग विकत घेतला, त्यात स्टारही आली. मग जून 2022 मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने आयपीएलच्या टीव्ही आणि डिजिटल हक्कांचा लिलाव वेगवेगळा केला. भारतातील टीव्हीचे हक्क स्टारने राखले. डिजिटल हक्क पाच हंगामांसाठी 23,758 कोटी रुपयांना व्हायाकॉम18ने मिळवले. त्यातल्या मुख्य हक्कसंचाचा भाव सामन्याला 50 कोटी रुपये पडला. दोन्ही डावांचे मिळून 240 चेंडू धरले, तर एका चेंडूला सुमारे 21 लाख!

एवढे मोजूनही 2023ची आयपीएल व्हायाकॉम18च्या जिओसिनेमावर फुकट दाखवली गेली. आधी प्रेक्षक गोळा करायचे, पैसे नंतर वसूल करायचे, असा तो हिशेब होता. हॉटस्टारला त्याचा थेट फटका बसला. ऑक्टोबर 2022 मध्ये 6.13 कोटी असलेले वर्गणीदार पुढच्या जुलैपर्यंत सुमारे 4.04 कोटींवर आले. मग हॉटस्टारनेही त्या वर्षीचा विश्वचषक मोबाइलवर फुकट केला. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक जोडले गेले, पण मोबाइलवर पाहण्यासाठी वर्गणी भरावी लागत नव्हती. हक्कांची किंमत चढत असताना दोघांनीही माल फुकट वाटणे फार काळ चालणारे नव्हते.

विलीनीकरणाने हा तिढा सोडवला. डिस्नेने 36.84 टक्के वाटा राखून भारतातला कारभार रिलायन्सच्या हाती सोपवला. रिलायन्सला मालिका, चित्रपट आणि क्रिकेट एका छताखाली मिळाले. शिवाय जिओच्या ठरावीक रिचार्जबरोबर जिओहॉटस्टार जोडून देणे तिला शक्य झाले. ज्याच्याकडे ग्राहकाचे मोबाइल बिल आहे, त्याच्याशी निव्वळ मनोरंजन विकणाऱ्या कंपनीने बरोबरी करणे अवघडच.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2024 मध्ये अटींसह मंजुरी दिली. काही वाहिन्या विकण्याची आणि क्रिकेटच्या जाहिरातींच्या जागा एकगठ्ठा न विकण्याची हमी कंपन्यांना द्यावी लागली. जाहिरातदारांना त्यामुळे थोडे संरक्षण मिळाले. प्रेक्षकांसाठी मात्र 2025ची आयपीएल पूर्वीसारखी सरसकट फुकट राहिली नाही: काही मिनिटांनंतर वर्गणी लागू झाली आणि मोबाइलवरचा सर्वांत स्वस्त दर तीन महिन्यांना 149 रुपये ठरला. मालिका-चित्रपटांच्या निर्मात्यांसाठीही बाजारातला एक मोठे गिऱ्हाईक कमी झाले.