दूध उतू गेलं, आणि...

परवा सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि महिला मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज वाचायला घेतला. एकच! करपल्याचा वास आला तेव्हा अर्धं दूध ओट्यावर होतं. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "अगं, लक्ष कुठंय तुझं?" त्याच सासूबाईंनी आदल्या रात्री मोबाइलवर कीर्तन ऐकता ऐकता बीपीची गोळी दोनदा घेतली होती! मग फक्त मुलांनाच 'मोबाइलवेडी' कसं म्हणायचं?

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर शाळाच मोबाइलवर आली. मुलांच्या हातात फोन आपणच दिला आणि बघता बघता आपणही त्यात अडकलो.

दुधाचं काय, ओटा पुसला की झालं. पण गेल्या महिन्यात नववीतली लेक म्हणाली, "आई, मला तो क्लास नको." मी मान वर न करताच "बरं, बघू" म्हटलं. आठ दिवसांनी कळलं, वाटेत दोन मुलं तिला रोज त्रास देत होती. "तीनदा सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्याच दिवशी मंडळातल्या दोघींना घेऊन त्या मुलांच्या घरी गेले, आईवडिलांशी बोलले. त्रास थांबला. पण ते आठ दिवस माझ्या लेकीनं एकटीनं काढले, त्याचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद! मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं.

आमच्याकडे भोंगा नाही, पण पोळ्यांचा जुना डबा आहे. सात ते साडेआठ सगळ्यांचे फोन त्यात. पहिल्या दिवशी 'हे' तीनदा डब्यापाशी जाऊन आले, सासूबाई रुसून बसल्या. त्यांच्या गोळ्यांसाठी मात्र सात वारांची सात खणांची डबी आणली, म्हणजे आजची घेतली की नाही ते लगेच दिसतं. चौथ्या दिवशी लेक आपणहून माझ्याजवळ मेथी निवडायला बसली आणि बोलतच राहिली.

मैत्रिणींनो, असा एखादा रिकामा डबा आपल्या प्रत्येकीच्या घरात असतोच. आज संध्याकाळी काढाल ना?