अठरा टक्के कर गेला, मग हप्ता पंधराच टक्क्यांनी का उतरला?

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ ला, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. वाशी-नेरुळच्या सोसायट्यांमध्ये बातमी पोहोचली ती अशी: विमा १८ टक्के स्वस्त झाला. हिशेब मात्र तसा बसत नाही.

मूळ हप्ता २०,००० रुपये असेल, तर त्यावर ३,६०० रुपये कर धरून २३,६०० भरावे लागत. आता २०,००० भरायचे. वाचले ३,६००, म्हणजे आधी खिशातून जात होते त्याच्या सव्वापंधरा टक्के. कर मूळ रकमेवर लागत होता, बचत मात्र एकूण रकमेवर मोजायला हवी.

ही बचत पुढेही तेवढीच राहील असं कुणी लिहून दिलेलं नाही. विमा कंपनी एजंटच्या कमिशनवर, कार्यालयाच्या भाड्यावर जीएसटी भरते. पूर्वी ती तो कर ग्राहकाकडून गोळा केलेल्या करातून वळता करून घ्यायची. आता ग्राहकाकडून कर येतच नाही, तर वळता कशातून करणार? तो बोजा कंपनीवर राहतो आणि हळूच मूळ हप्त्यात शिरू शकतो. म्हणून नूतनीकरणाची नोटीस आली की एकूण रकमेपेक्षा मूळ हप्त्याचा आकडा गेल्या वर्षीच्या पावतीशी ताडून बघावा. घरात ज्येष्ठ नागरिक असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: जानेवारी २०२५ पासून त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी ‘इर्डा’ या नियामकाशी सल्लामसलत करावी लागते.

“आता सगळाच विमा करमुक्त झाला,” हा दुसरा गैरसमज. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमधल्या नोकरदारांना तो हमखास चकवतो. सूट वैयक्तिक पॉलिसीला आहे, त्यात फॅमिली फ्लोटरही आला. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांची नावं घालून पगारातून पैसे कापून घेत असाल, तर त्यावर १८ टक्के कर पूर्वीसारखाच लागतो. स्वतःच्या गाडीचा आणि सोसायटीच्या इमारतीचा विमाही तसाच. एक सवलत मात्र फारशी गाजली नाही. मालवाहू वाहनांच्या थर्ड पार्टी विम्यावरचा कर त्याच वेळी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर रांगेने उभ्या असलेल्या ट्रकांच्या मालकांना हा फरक चांगलाच जाणवेल.

“दर सरकारच ठरवतं” असंही सर्रास म्हटलं जातं. सरकार दर ठरवतं ते वाहनांच्या थर्ड पार्टी विम्याचे. आगीच्या विम्याचे बांधलेले दर २००७ मध्येच सुटले. तेव्हापासून रबाळे, तुर्भे, पावणे इथल्या गाळेवाल्यांनी दरात घासाघीस करायला हरकत नव्हती, पण पॉलिसीतली बारीक अक्षरं कोण वाचणार? माझ्या मते लहान उद्योगांसाठी खरं काम झालं ते इथे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना दोन प्रमाणित पॉलिसी विकाव्या लागतात. एका ठिकाणच्या मालमत्तेची किंमत ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. कंपनी कुठलीही असो, मूळ शब्द तेच. त्यामुळे दोन कोटेशन शेजारी ठेवून तुलना करता येते. आग, पूर, भूकंप, दंगल यांचं संरक्षण त्यात आहेच. शिवाय अशा घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरीही धरतात.

गाळेवाले फसतात ते विमा रकमेत. “बँकेचं कर्ज ६० लाखांचं, म्हणून विमाही ६० लाखांचा.” यंत्रं आणि माल मिळून किंमत एक कोटी असेल आणि १० लाखांचं नुकसान झालं, तर हातात ६ लाखच येतील. विमा जेवढ्या प्रमाणात कमी, भरपाईही तेवढ्याच प्रमाणात कमी. या नव्या पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. एक कोटीच्या मालमत्तेचा विमा ९० लाखांचा असेल, तर केवळ त्या कारणाने क्लेम कापत नाहीत. ४० टक्क्यांच्या तुटीला मात्र माफी नाही. हप्त्यात वाचवलेले दोन-चार हजार आगीच्या दिवशी लाखांनी महाग पडतात.

एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये पाठीवर पोतं वाहणाऱ्या माथाडीसाठी २० रुपयांचा विमा आहे: पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. दुसरी जीवन ज्योती योजना, वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. नाव नोंदवताना वय १८ ते ५० हवं आणि पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. “पैसे परत मिळत नाहीत, मग काय उपयोग?” असं विचारणारे भेटतात. परत मिळत नाहीत, म्हणून तर हप्ता एवढा कमी आहे. दोन बँकांत दोन खाती असली तरी दावा एकच. खरा घोळ वेगळाच: पैसे खात्यातून आपोआप कापले जातात आणि घरच्यांना पत्ताच नसतो. मे संपताना पासबुक उघडून कपात बघावी, आणि बायकोला किंवा मुलाला सांगून ठेवावं.

राहिला “आमचं शुभ्र रेशनकार्ड, आम्हाला काही मिळत नाही” हा समज. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. मात्र रुग्णालय योजनेच्या यादीतलं हवं आणि उपचारही ठरलेल्या यादीतलाच. नुसता ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही. भरती होताना आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठायचं. डिस्चार्जच्या वेळी बिल भरून झाल्यावर कार्ड दाखवणाऱ्यांची पंचाईत होते.