परवलीचा शब्द : बंदोबस्त व सोय

किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकरी रात्रीं येणाऱ्यास परवलीचा शब्द विचारीत असे. तसाच शब्द आज प्रत्येक संकेतस्थळ आपणांस विचारतें. शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा बँकेंतील खातें असो, त्या शब्दावांचून दार उघडत नाहीं. तो चोरास तर्कानें सांपडूं नये आणि धन्याच्या विस्मरणांत जाऊं नये, अशा दोन अपेक्षा आपण बाळगतों. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नियमच नकोत, असें मात्र म्हणतां येत नाहीं. १९७९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनीं ३,२८९ परवलीच्या शब्दांच्या तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकीं शेंकडा ८६ शब्द अगदीं तोकडे, अथवा कोशांत वा नांवांच्या यादींत सहज सांपडणारे निघाले.

यावर उपाय म्हणून नियम आले. २००३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेसाठीं बिल बर यांनीं लिहिलेल्या मार्गदर्शनानंतर मोठें अक्षर, लहान अक्षर, आंकडा व चिन्ह यांची सक्ती आणि ठराविक मुदतीनें शब्द बदलण्याची चाल फार पसरली. हेतु चांगला होता. परंतु मनुष्याची स्मरणशक्ति हिशेबांत धरली गेली नाहीं. लोकांनीं जुन्याच शब्दाचें पहिलें अक्षर मोठें केलें व शेवटीं १ आणि उद्गारचिन्ह जोडलें. मुदत भरली कीं १ च्या जागीं २ घातला. ही युक्ति चोरांसही ठाऊक झाली. नियम पाळला गेला, पण बंदोबस्त ढिला पडला. स्वतः बर यांनींही २०१७ सालीं त्या सूचनांबद्दल खेद व्यक्त केला.

वास्तविक खरें बळ लांबींत आहे. इंग्रजी कळफलकावर अक्षरें, आंकडे व चिन्हें मिळून ९४ खुणा आहेत. त्यांतून कशाही निवडलेल्या ८ खुणा लक्षांत ठेवणें महाकठीण. उलट फांसे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादींतून पांच साधे शब्द निवडले, तर संभाव्य जुळण्या पहिल्याच्या चार हजार पटींहून अधिक होतात. आणि त्या पांच शब्दांची एखादी गंमतीची गोष्ट रचली कीं ते मनांत ठसतात.

हें ओळखून उपर्युक्त संस्थेनें २०१७ सालीं आपलें धोरण बदललें. चिन्हांची सक्ती नको. शब्द फुटल्याचा पुरावा नसतां तो बदलावयास लावूं नये. लांब शब्द स्वीकारावे. पूर्वीं चोरीस गेलेल्या शब्दांशीं नवा शब्द ताडून पाहावा, आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घालावी, असें तिनें सांगितलें. म्हणजे पाहुण्याच्या डोक्यावरील ओझें पहारेकऱ्यानें उचललें. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनीं १८८३ सालींच सैनिकी गुप्तलेखनाविषयीं बजावलें होतें कीं, किल्ली टिपणावांचून स्मरणांत राहावी व पद्धति वापरण्यास सोपी असावी.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाहीं. कठीण नियमांपुढें हात टेंकून कित्येक आईबाप आपला परवलीचा शब्द अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराच्या हवालीं करतात, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशीं तो विसरल्यामुळें मुलाचा अर्ज अडकतो. विद्यार्थ्यांनीं घरांतील वडील माणसांस लांब पण सोपा शब्द निवडून द्यावा. नांव वा जन्मतारीख त्यांत घालूं नये. एकच शब्द दोन ठिकाणीं वापरूं नये. लिहून ठेवणें भागच असेल, तर तो वहींत लिहून वही घरीं कुलपांत ठेवावी. आणि तुमच्यांपैकीं जे पुढें संकेतस्थळें बांधतील, त्यांनीं नियम करतांना आपल्या आजीस तो पाळतां येईल काय, हें प्रथम विचारावें.