दप्तर ते डेटाबेस : भाग ६
जोडणीची फाइल

राजगडाच्या पायथ्याचे पाली हे गाव. पाली दरवाज्याची वाट इथूनच चढते. या गावात एक दूध संकलन केंद्र आहे असे धरून चालू. लिटर, फॅट आणि एसएनएफची नोंद काट्याजवळच्या कॉम्प्युटरवर होते. दहा दिवसांचे बिल सचिव आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर काढतात. नोंदी काट्याजवळच्या कॉम्प्युटरवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत. आतल्या यंत्राने तिथवर पोचायचे कसे?

पुष्कळ जण सर्व्हरचा पत्ता प्रोग्रॅमच्या पोटातच लिहून टाकतात. मला हे मुळीच पटत नाही. कॉम्प्युटर बदलला की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पुण्याहून बोलवा, आणि तोवर शेतकऱ्यांचे बिल अडवून धरा! पत्ता वेगळ्या फाइलीत असेल तर सचिव नोटपॅडमध्ये एक ओळ बदलून काम चालू करतील.

विंडोजवर ही सोय ओडीबीसीमुळे मिळते. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेली ही पद्धत आजही टिकून आहे. त्यात जोडणीचा तपशील ‘डीएसएन’ या नावाने ठेवतात. ‘यूजर डीएसएन’ आणि ‘सिस्टिम डीएसएन’ विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन बसतात. ‘फाइल डीएसएन’ मात्र साधी मजकुराची फाइल असते : ड्रायव्हर, सर्व्हर, पोर्ट (पोस्टग्रेसचा नेहमीचा ५४३२), डेटाबेसचे नाव. ती पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या यंत्रावर ठेवता येते. ड्रायव्हर मात्र तिथेही बसवलेला हवा.

पहिली अडचण बहुधा इथेच येते. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ओडीबीसीच्या दोन खिडक्या असतात, एक ३२ बिटांची आणि एक ६४ बिटांची. प्रोग्रॅम ३२ बिटांचा आणि ड्रायव्हर ६४ बिटांचा असेल तर जोडणी होत नाही. गंमत म्हणजे ६४ बिटांची खिडकी ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात असते आणि ३२ बिटांची ‘सिसवॉव६४’मध्ये. म्हणून फोल्डरच्या नावावर जाऊ नका. खिडकीच्या शीर्षकात काय लिहिले आहे ते वाचा.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची आहे. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर ‘एएनएसआय’ आणि ‘युनिकोड’ अशा दोन नावांनी दिसतो. युनिकोडच निवडा. नाहीतर डेटाबेसमध्ये नीट असलेली सभासदांची मराठी नावे बिलावर प्रश्नचिन्हे होऊन उतरतात. आपल्या नावाऐवजी प्रश्नचिन्हे छापलेले बिल कोणाच्याही हाती पडता कामा नये.

सर्व्हरच्या ओळीत आयपी आकडे लिहिण्यापेक्षा कॉम्प्युटरचे नाव लिहिलेले बरे. घाटमाथ्याकडच्या पावसात वीज जाते, येते. राउटर पुन्हा चालू झाला की तो नवे आकडे वाटू शकतो. नाव तेच राहते.

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. टेबल जोडताना अ‍ॅक्सेस फाइल डीएसएनमधला पत्ता स्वतःकडे उतरवून घेतो. नंतर फाइल बदलली तरी जुनी जोडणी जुन्याच पत्त्यावर जाते. टेबले पुन्हा जोडावी लागतात.

आणि पासवर्ड? तो या फाइलीत लिहिता येतो, पण फाइल उघडणाऱ्या कोणालाही तो दिसतो. तो फाइलीत ठेवू नका. जोडणीच्या वेळी विचारू द्या. शिवाय बिलाच्या कामासाठी पोस्टग्रेसमध्ये वेगळा वापरकर्ता तयार करून त्याला नोंदी फक्त वाचण्याचा अधिकार द्या. मग आतल्या खोलीतून फॅटचा आकडा चुकूनही बदलणार नाही.