शेवटच्या तावावरची कार्डे

बेसबॉल कार्डांचा संच पुरा करताना अडते ते कार्ड बहुधा सर्वांत नामांकित खेळाडूचे नसते. किती प्रती छापल्या, कधी छापल्या आणि दुकानापर्यंत किती पोचल्या, यावर सारे ठरते. होनस वॅग्नर हा ठळक अपवाद. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या, टी-२०६ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संचातून त्याचे कार्ड लवकरच मागे घेतले गेले. संच एकूण ५२४ कार्डांचा; पण वॅग्नरसह चार कार्डे इतकी दुर्मीळ आहेत की ५२० जमली तरी बहुतेक संग्राहक संच पुरा झाला असे मानतात.

१९३३ च्या गाउडी संचात तर एक कार्ड छापलेच नव्हते. बॉस्टनच्या या च्युइंगम कंपनीने २४० पर्यंत क्रमांक दिले, पण १०६ वगळला. त्याच्या शोधात मुलांनी पाकिटे घेत राहावे हा त्यामागचा हेतू होता, असे मानले जाते. तक्रारीची पत्रे आल्यावर १९३४ मध्ये नॅप लाजवे याचे कार्ड त्या क्रमांकाने छापून पत्रे लिहिणाऱ्यांना टपालाने धाडले गेले. पत्रासोबत टाचल्याने अनेक प्रतींवर पेपरक्लिपचा वळ आजही दिसतो. इतर कार्डांवर तो वळ दोष ठरतो. इथे तो कार्ड कोणत्या वाटेने आले याची खूण आहे.

टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातली अडचण वेगळी. यात ४०७ कार्डे होती, पण ती हंगामभर टप्प्याटप्प्याने बाजारात आली. ३११ ते ४०७ हा शेवटचा टप्पा येईपर्यंत बेसबॉलचा हंगाम सरत आला होता आणि मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळू लागले होते. जुना माल पडून असलेल्या दुकानदारांनी नवा मागवताना हात आखडता घेतला. न खपलेल्या पेट्या कित्येक वर्षे गोदामात राहिल्या. शेवटी १९६० मध्ये त्या बार्जवर चढवून अटलांटिक महासागरात बुडवल्या, असे या संचाचे शिल्पकार साय बर्गर यांनीच पुढे सांगितले.

या टप्प्यात कार्डे ९७ आणि छपाईच्या तावावर जागा १००. उरलेल्या तीन जागा भरण्यासाठी ३११ मिकी मँटल, ३१२ जॅकी रॉबिन्सन आणि ३१३ बॉबी थॉमसन ही कार्डे तावावर दोनदा घेतली गेली. मँटलच्या कार्डाचे हे दोन नमुने मागच्या बाजूने ओळखता येतात: क्रमांकाभोवती काढलेल्या चेंडूचे टाके एकात उजवीकडे, तर दुसऱ्यात डावीकडे वळतात. म्हणजे मँटलचे कार्ड त्या तावावरच्या इतर ९४ कार्डांच्या दुप्पट छापले गेले. तरीही २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. ही किंमत मागणीची आहे, तुटवड्याची नव्हे. मँटल पैसे मोजले की मिळतो. त्याच तावावरच्या एखाद्या साध्या खेळाडूचे स्वच्छ कार्ड विकायला येण्याची मात्र वाट पाहत बसावे लागते. संग्राहकाची खरी चिकाटी तिथे लागते.

पहिल्या क्रमांकाचे अँडी पाफ्को हे कार्ड मात्र पहिल्याच टप्प्यातले, त्यामुळे ते मिळते. पण मुले कार्डे क्रमाने लावून वर रबर बांधत, आणि गठ्ठ्यात सर्वांत वर असलेल्या पाफ्कोच्या कडा दबत, कोपरे झिजत. धड कोपऱ्यांचा पाफ्को म्हणूनच दुर्मीळ आहे. तळाशी राहणाऱ्या ४०७ क्रमांकाच्या एडी मॅथ्यूजचीही गत तीच. शिवाय तो शेवटच्या टप्प्यातला, म्हणजे मुळातच कमी.

टप्प्याटप्प्याने कार्डे काढण्याची रीत टॉप्सने पुढेही दोन दशके चालू ठेवली, त्यामुळे साठच्या दशकातल्या अनेक संचांतही शेवटचे क्रमांक अडतात. १९६७ च्या संचात टॉम सीव्हरचे पहिले कार्ड, क्रमांक ५८१, अशाच शेवटच्या टप्प्यात आहे. १९७४ पासून कंपनी सबंध संच एकदम बाजारात आणू लागली आणि वरच्या क्रमांकांचा हा तुटवडा थांबला.