लाल भुकटी, पांढरी भुकटी

ये, अशी सावलीत बस. पान्याला अजून हात लावू नकोस पोरी. कालपासून हा डिझेल फिल्टर निघत नाहीये, आणि अशा वेळी पान्याला पाइप जोडून सगळं वजन टाकावंसं वाटतं. तसं केलं की बोल्टचं डोकं तुटून हातात येतं आणि धड आत अडकून राहतं.

आधी नीट बघ. वरचा भाग ॲल्युमिनियमचा. खाली लोखंडी पत्र्याची वाटी, तिच्यात घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर. डिझेल त्यातून गाळून पंपाकडे जातं. वरून आरपार गेलेला हा लांब पोलादी बोल्ट सगळ्यांना एकत्र धरून आहे. 1988 ची जीप, आणि सगळं आयुष्य वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात गेलेलं. आता इथे बोट फिरव. बोल्टच्या डोक्यावर लाल भुकटी लागली ना? आणि भोकाच्या कडेला पांढरी, पिठासारखी.

खाणीतून लोखंड निघतं ते प्राणवायूला घट्ट चिकटलेलं. भट्टीत कोळसा जाळून माणूस त्याला सोडवतो. पण त्याची ओढ काही जात नाही. ओल आणि हवा मिळाली की ते पुन्हा प्राणवायूला जाऊन मिळतं, त्यालाच आपण गंज म्हणतो. या देवघेवीत लोखंडाचे इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. म्हणून घाटावरच्या गाडीपेक्षा किनाऱ्यावरची गाडी लवकर गंजते. वर गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधल्या केसभर फटीत तो मावणार कसा? भिंतीत शिरलेल्या पिंपळाच्या मुळासारखा तो दोन्ही बाजूंना रेटत राहतो.

पांढरी भुकटी ॲल्युमिनियमची. पोलादाला ॲल्युमिनियम टेकलेलं आणि मध्ये खारी ओल, म्हणजे विजेचा घटच झाला. 1800 साली व्होल्टाने चकत्यांची चळत रचून केला, त्याच जातीचा. या जोडीत आधी झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि त्याची भुकटी भोकात गच्च बसते.

आता त्या गडग्याकडे बघ. हा जांभा कशाचा झाला? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट इथे पसरला. त्यावर लाखो वर्षं पाऊस पडला. खडकातलं जे धुऊन जाण्यासारखं होतं, ते पाण्याबरोबर गेलं. जे हललं नाही ते मागे उरलं, आणि त्यात मुख्य दोनच: लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमचा गंज. रत्नागिरी-कोल्हापूरकडे बॉक्साइट मिळतं तेही यामुळेच. जांभ्याचा लाल रंग आणि तुझ्या बोटावरचा लाल रंग एकच. या जीपमध्ये आपण छत्तीस-सदतीस वर्षांत जे बघतोय, तेच पावसाने सगळ्या कोकणात करून ठेवलंय. मला आजही याचं नवल वाटतं.

म्हणून जोर नाही लावायचा. काल रात्री मी बोल्टच्या कडेने पातळ गंजतेल सोडलं. समईच्या वातीत तेल वर चढतं ना, तसंच ते बारीक फटीत आपोआप ओढलं जातं. फट जितकी अरुंद, तितकं ते आत जास्त शिरतं. आता हे कढत पाणी वरच्या भागावर हळूहळू ओत. जाळ मात्र इथे कधीच आणायचा नाही, डिझेल आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं. झालं? सगळं कोरडं पूस, पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. खाली परात सरकव.

आता पाना लाव, पण आधी किंचित आवळ. हो, आवळच! भुकटीची पकड त्यानेच मोडते. आता उलटा फिरव. ऐकलास, कट्ट आवाज आला? थांब, पुन्हा थोडा आवळ, पुन्हा सोड. आला बघ.

नवा फिल्टर बसव, नव्या रबरी कडीला स्वच्छ डिझेल चोळ. मग वरचा हवेचा स्क्रू थोडा सैल कर आणि हातपंप दाबत राहा. फेस येतोय, ती अडकलेली हवा. दाब, अजून दाब. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळ आणि मला हाक मार, मी चावी फिरवतो.